सात शिट्ट्यांचं पाणी

तुळशीदास गुरुजी आयुष्यभर जव्हारच्या एका वाचनालयात पुस्तकं देत-घेत बसले. शिकवलं त्यांनी कुणालाच नाही. पण चष्मा आणि हळू आवाज पाहून गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, आणि ते चुकीचं आहे हे सांगण्याचा धीर त्यांना निवृत्तीपर्यंत झाला नाही. नंतर सांगून उपयोगही नव्हता.

दोन हजार चार सालच्या थंडीत त्यांच्या पत्नीने, चंदाबाईंनी, बाजारात रघुकडून झिंग्यांचा वाटा घेतला. रघु जामसरच्या बाजूचा. ओढ्यातले झिंगे सागाच्या पानावर मांडून विकायचा. घरी ताटात ओतले तेव्हा त्यातले अकरा जिवंत होते, आणि सर्वांत मोठ्या मादीने मिशा हलवून गुरुजींकडे पाहिलं. पाहिलं, असं गुरुजींचं म्हणणं. चंदाबाईंचा कांदा चिरून तयार होता. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत गुरुजी पहिल्यांदाच "नको" म्हणाले. त्या शब्दाने दोघंही इतके दचकले की झिंगे वाचले. लेकीच्या लहानपणची माशांची काचेची पेटी माळ्यावर होती, ती खाली आली. मोठ्या मादीचं नाव चंदाबाईंनीच ठेवलं, पोशी.

मार्चपर्यंत सगळं ठीक चाललं. मग गल्लीच्या नळाला नव्या बोअरचं पाणी सुरू झालं. बादल्यांना पांढरा थर धरला, साबणाला फेस येईना, डाळ शिजेना. आणि झिंगे मरू लागले. झिंगा वाढतो तो सापासारखी कात टाकून. असल्या क्षारांच्या जड पाण्यात कवच टणक होतं आणि तो आतच अडकतो, हे गुरुजींनी पुस्तकात वाचलं तेव्हा तीन उरले होते. पोशी त्यांत होती. तिच्या मानेवर पांढरी रेघ उमटली होती, म्हणजे तिची वेळ आली होती. ती दिवसभर अंग वाकवायची, झटके द्यायची आणि थकून दगडाला टेकायची. हलकं पाणी मिळालं नाही तर ती आठवडाही काढणार नाही, हे गुरुजींना कळत होतं.

पाणी किती जड हे मोजायचं कसं? गुरुजींनी रीत काढली. वाटीभर तूरडाळ, एकच कुकर, आणि डाळ पळीने घोटली जाईपर्यंत किती शिट्ट्या लागतात ते मोजायचं. घरच्या नळाचं पाणी सात शिट्ट्यांचं निघालं. मग गुरुजी तांब्या घेऊन दारोदार फिरू लागले. झिंग्यांसाठी हवंय म्हणायची लाज वाटायची, म्हणून ते "वरण करायचंय" एवढंच सांगायचे.

"घरी पाणी नाही का हो तुमच्याकडे?" शेजारच्या रखमीने विचारलं.

"आहे. पण ते वेगळं."

चार दिवसांत गल्लीला शिट्ट्यांचा पत्ता लागला आणि लोक आपणहून कळशा घेऊन आले. सोम्याच्या विहिरीचं पाणी पाच शिट्ट्यांचं ठरलं, तेव्हापासून तो मान वर करून चालू लागला. एका सोयरिकीत मुलीकडच्यांनी आपल्या पाण्याच्या शिट्ट्या आधी सांगून टाकल्या. गॅरेजवाल्या पांड्याकडे बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी बाटलीत मिळायचं. गुरुजी ते आणायला गेले.

"गाडी घेतली वाटतं, गुरुजी?"

गुरुजी "हो" म्हणाले, आणि त्यांना दोन बाटल्या मिळाल्या. त्याही सात शिट्ट्यांच्या निघाल्या. पांड्याचा नळ याच गल्लीचा होता. पण गुरुजींनी गाडी घेतल्याचं गावभर झालं, आणि ती बघायला माणसं येऊ लागली. त्यांना चंदाबाई वरण वाढायच्या. घरात दुसरं काही उरलंच नव्हतं.

शेवटी गुरुजी रघुसमोर जाऊन उभे राहिले.

"रघु, तुझे झिंगे ज्या पाण्यातले, ते पाणी मला दाखव."

"झिंगं दाखवतो की. पाणी नाय दाखवत."

"मला झिंगे नकोत."

"मग पाण्याशी काय करणार? बघत बसणार?"

गुरुजींनी पोशीचं सांगितलं. रघुने मान खाजवली. चैत्रात ओढा आटतो, झिंगे एका डोहात गोळा होतात, आणि तो डोह ज्याला ठाऊक असतो तो कुणाला सांगत नाही.

"बायकोला नाय दाखवला मी, गुरुजी. तिला भाऊ हायेत तीन."

"मग तूच आणून दे कॅनभर."

"आणीन. तुमी त्यात डाळ शिजवणार. सात शिट्ट्या झाल्या का म्हणणार, रघुने नळाचं भरलं."

गुरुजींच्या मनात नेमकं तेच आलं होतं. अखेर रघुने तोड काढली. गुरुजींनी स्वतः यायचं, कुकर घेऊन, तिथेच परीक्षा करायची. फक्त डोळे बांधून.

"कुकर माझ्या माहेरचा आहे," चंदाबाई म्हणाल्या. "शिटी हरवली तर घरी येऊ नका."

एसटीतून उतरल्यावर रघुने आपला टॉवेल गुरुजींच्या डोळ्यांवर आवळला. गुरुजी कुकर छातीशी धरून ठेचकाळत निघाले. वाटेत कुणीतरी थांबलं.

"रघु, गुरुजींना काय झालं?"

"डोळे आलेत."

"आन् कुकर?"

"औषध हाय त्यात."

तासाभराने पायांखाली ओले दगड लागले. रघुने तीन धोंडे मांडून जाळ केला. गुरुजींनी चाचपडत डाळ घातली, डोहाचं पाणी ओतलं, झाकण लावलं आणि ते कान देऊन बसले. पहिली शिटी डोंगरावर आपटून परत आली. दुसरीही. कुकर निवल्यावर गुरुजींनी पळी फिरवली, तर डाळ लोण्यासारखी झाली होती.

"दोन," ते म्हणाले. "रघु, दोन शिट्ट्यांचं पाणी आहे हे."

"कोण रं तिकडं?" वरून एक बाई म्हणाली. "रानात कुकर कुणाचा वाजतो?"

रघुने जाळावर पाणी ओतलं, पण धूर आणखीच वाढला. आधी हंडेवाल्या बायका उतरल्या, मग एक गुराखी, आणि मग एक ओळखीचा करडा आवाज आला.

"इथं येतोस व्हय रोज?" ती रघुची बायको तानी होती. "मला म्हणत होतास, वांगणीला जातो." तिच्यामागून आणखी तिघांची पावलं वाजली.

रघुने गुरुजींच्या डोळ्यांवरचा टॉवेल सोडला. थोड्याच वेळात तिघे मेहुणे कुकरमधलं वरण खात होते आणि खाताना एकसारखे पाण्याकडे पाहत होते. गुरुजींना माफी मागायची होती, पण ते म्हणाले, "मीठ कमी आहे का?"

कॅन रघुनेच भरून रस्त्यापर्यंत आणून दिला.

घरी गुरुजींनी कापडाची वात लावून ते पाणी थेंब थेंब पेटीत सोडलं. दोन दिवस दोन रात्री ते तिथून हलले नाहीत. तिसऱ्या सकाळी पोशी तळाशी निपचित पडली होती, काचेसारखी पारदर्शक. गुरुजी चहा न घेताच अंगणात जाऊन बसले.

चंदाबाईंनी चमच्याने तिला उचललं. "अहो, आत या. ही रिकामी आहे."

ती कात होती. पोशी दगडामागे होती, फिकी, मऊ, नव्याने जन्मल्यासारखी, आणि मिशा हलवत होती.

पुढच्या बाजारात रघुची जागा मोकळी होती. दुपारी तो घरीच आला. मेहुण्यांनी दोन दिवसांत डोह खरवडून नेला होता. तो पेटीसमोर उकिडवा बसला. गुरुजी मागे उभे राहिले.

"अंडी धरलीत हिने," रघु म्हणाला. पोशीच्या पोटाखाली हिरवट दाणे होते. गुरुजींना ते शेवाळ वाटलं होतं. "पाऊस पडला का ही मला द्या. नव्या डोहात सोडतो."

पोशीला द्यायचं म्हटल्यावर गुरुजींनी पेटीच्या काचेवर हात ठेवला. पण ते "हो" म्हणाले, आणि या वेळी त्यांना ते खरंच म्हणायचं होतं.

"नवा डोह कुठे सापडला?" त्यांनी विचारलं.

रघुने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमाला तर नायच सांगणार."

गुरुजींना ते रास्त वाटलं.