उणे तीस अंशांतली शिरगणती

अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या पूर्वेकडील आमच्या जिल्ह्यात बेघरांची गणना वर्षातून एकदाच होते. जानेवारीतल्या एका ठरलेल्या रात्री कोण कुठे झोपले, एवढेच दुसऱ्या दिवशी विचारायचे. चाळीस वर्षे रस्त्यांची मोजमापे घेतलेला माणूस म्हणून हे काम माझ्याकडे आले. बेघर आढळले, तर बंद पडलेल्या शाळेत त्यांच्यासाठी उबदार खोली मंजूर होणार होती.

आर्लिस बाकेन ही त्याच शाळेची जुनी स्वयंपाकीण. घर गेल्यापासून चार महिने ती धान्याच्या कोठारामागे आपल्या पिकअपमध्ये झोपत असे. तिच्यासारखे आणखी दहा जण मला नावानिशी ठाऊक होते.

गणनेच्या रात्री पारा उणे तीसवर उतरला. असल्या थंडीत कुणालाही बाहेर राहू द्यायचे नाही, ही आमच्याकडची रीत. न सांगता घरोघरी दारे उघडली. माझी पत्नी व्हर्ना आर्लिसला आमच्या सोफ्यावर घेऊन आली.

सकाळी कॉफी घेताना मी गणनेचा फॉर्म काढला. "काल कुठे झोपलीस?"

"तुझ्याच सोफ्यावर. माझं घोरणं ऐकलं नाहीस?" मग माझी पेन्सिल थांबलेली पाहून ती म्हणाली, "ऑर्व्हल, पिकअप लिही."

"दुसऱ्याच्या घरी झोपलेल्याला बेघर धरत नाहीत."

"आज रात्री तिथंच जाणार आहे ना मी?"

"प्रश्न कालचा आहे, आर्लिस."

"लिही रे तेवढं," व्हर्ना म्हणाली. "त्यानं तुझे रस्ते वाकडे होणार नाहीत."

मी खरे तेच लिहिले. अकराही जणांचे उत्तर तेच निघाले. वसंतात राज्याच्या कार्यालयाचे पत्र आले: बेघर शून्य, खोलीची गरज आढळत नाही. अचूक नोंदींबद्दल माझे आभार मानले होते.

पुढच्या वर्षी गणनेच्या आदल्या दिवशी आर्लिस दारात उभी राहिली.

"उद्या मला आत बोलवायचं नाही. बाकीच्यांनाही सांगून आलेय."

"मरशील गं," व्हर्ना म्हणाली.

"मग एक कमी भरेल. दहा तरी मिळतील."

त्या रात्री उणे सव्वीस होते. आम्ही आतून कडी लावली; गावाने लावली. सकाळी पिकअपचे गोठलेले दार व्हर्ना आणि मी मिळून ओढले. आर्लिसच्या उजव्या हाताची बोटे पांढरी पडली होती.

"विचार," ती म्हणाली.

"आधी दवाखाना."

"आधी विचार."

मी विचारले. आकडा अकरा भरला आणि खोली मंजूर झाली, पण पुढच्या हिवाळ्यापासून. दोन बोटे गमावून आर्लिस दवाखान्यातून थेट पिकअपमध्ये परतली. आमच्या दारात ती पुन्हा आली नाही, आणि तिला बोलावण्याचे धाडस व्हर्नालाही झाले नाही.