अकरा नंबरची ट्यूब

रक्त काढण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचे. हा तोराच नडला.

रक्तदाबाच्या नव्या गोळीची चाचणी होती. ती जुन्या गोळीइतकीच रक्तात उतरते का, हे बघायचं. चोवीस खाटा, चोवीस धडधाकट माणसं आणि गोळी दिल्यापासून ठरलेल्या मिनिटाला प्रत्येकाचं रक्त. अकरा नंबरला पेंटरदादा होते. दोन तासांच्या नमुन्याच्या वेळी ते पांढरेफटक पडले. मी दोनदा सुई टोचली, शीर सापडेना.

"भिंतीलाही आम्ही इतकी भोकं पाडत नाही, ताई," ते कसंबसं म्हणाले.

नियम सोपा आहे. उशीर झाला तर खरी वेळ लिहायची. रक्त मिळालंच नाही तर 'नमुना चुकला' लिहून सही करायची. एका ओळीचं काम. पण गेल्याच आठवड्यात माझे दोन नमुने चुकले होते आणि सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला होता, "डोळे तपासून घ्या, ताई." ते मला फार झोंबलं होतं. मी बारा नंबरच्या हातातून दोन ट्यूब भरल्या आणि एकीवर अकराचं लेबल चिकटवलं.

दादा तासाभरात सावरले.

दोन आठवड्यांनी दुसरी फेरी. औषध तेच, फक्त गोळी जुनी. दादांना चक्कर आली होती म्हणून चाचणीच्या डॉक्टरमॅडमनी अकराची ती ट्यूब मुद्दाम आधी तपासून घेतली होती. यांच्या रक्तात औषध जास्त चढत असेल तर पुन्हा द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"रिपोर्ट अगदी व्यवस्थित आहे," त्या म्हणाल्या. "चक्कर उपाशीपोटी आली असणार. घ्या गोळी."

बोल, बोल, असं मी स्वतःला बजावत होते. हात मात्र नव्या ट्यूबवर लेबलं चिकटवत राहिले. मला माझीच लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

दादांनी माझ्याकडे बघितलं. "ताई आहेत ना, मग काय!" म्हणत त्यांनी गोळी गिळली.

पावणेदोन तासांनी ते संडासाच्या दारात कोसळले. डोकं बेसिनच्या कडेवर आपटलं. त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. दोन तासांच्या रकान्यात मी 'नमुना चुकला' लिहिलं, सही केली.

दुपारी मॅडम एकट्याच परतल्या. "गेले," म्हणाल्या. "रिपोर्ट तर चांगला होता ना गं?"

"ते रक्त त्यांचं नव्हतं, मॅडम."

"काय म्हणालीस?"

मला ते पुन्हा म्हणावं लागलं.