चारचा रकाना

रविवार, १२ जानेवारी २०२५. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. रावेतमधल्या एका वृद्ध शुश्रूषा केंद्राच्या पहिल्या मजल्यावर, खोली क्रमांक सहामध्ये, शालनबाई येळवंडे यांचा डावा हात सुती ओढणीने पलंगाच्या कठड्याला बांधलेला होता.

शालनबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. आदल्या मे महिन्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, डावा हात शाबूत राहिला. बांधलेला होता तो हाच हात.

हे पाहिलं त्यांच्या मुलाने, नंदकिशोरने. भेटीची वेळ रविवारी चार ते पाच अशी होती आणि सात महिन्यांत तो कधी चारच्या आधी आला नव्हता. त्या दिवशी चाकणच्या कंपनीत ओव्हरटाइमला गेला असताना मशीन बंद पडलं आणि दीड वाजता सगळ्यांना सोडलं. कुरुळीला घरी जाऊन परत निघण्यापेक्षा सरळ रावेतला जाऊ, असा त्याने विचार केला. वॉचमन जेवायला गेलेला होता. नंदकिशोरला कुणी अडवलं नाही.

त्याने गाठ सोडली. मनगटावर लाल वळ होता. शालनबाईंनी हात दोनदा उघडला, मिटला आणि विचारलं, "आलास व्हय? जेवलास का?"

चादर ओली होती. त्याने आईला कुशीवर केलं तेव्हा माकडहाडावर दहाच्या नाण्याएवढी जखम दिसली. कडा काळसर होत्या. त्याने फोनवर फोटो काढला. मग पलंगाच्या पायथ्याशी अडकवलेल्या पॅडकडे त्याची नजर गेली.

त्या पॅडवर कूस बदलण्याचा तक्ता होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची आणि तशी नोंद करायची. आठ वाजता डावी, दहा वाजता उजवी, बारा वाजता पाठ, दोन वाजता डावी. प्रत्येक ओळीपुढे सही: जयमाला. त्याखाली चार वाजता उजवी, सहा वाजता पाठ. त्यांच्यापुढेही सही.

घड्याळात पावणेतीन होत होते. त्याने तक्त्याचाही फोटो काढला.

नंदकिशोर गेली एकोणीस वर्षं वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीचं काम करतो. दर दोन तासांनी लाइनवरचे पाच नग उचलायचे, मायक्रोमीटरने मोजायचे आणि आकडे चेकशीटवर लिहायचे. हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते त्याला माहीत होतं. ऑडिटचा दिवस सोडला तर पाळीच्या सुरुवातीलाच अख्खं शीट भरून ठेवायचं, आकडे थोडे वरखाली करायचे, म्हणजे खरे वाटतात. तो स्वतः तसंच करत आला होता. घाईघाईत खरी मोजमापं घेणाऱ्याच्या कागदावर डाग असतात, खाडाखोड असते, एखादा रकाना सुटलेला असतो. जूनमध्ये हे केंद्र पाहायला आला तेव्हा त्याने चार पलंगांचे तक्ते चाळले होते. एकही रकाना कोरा नव्हता. घरी जाऊन त्याने बायकोला, मृदुलाला, सांगितलं होतं की जागा शिस्तीची आहे.

जयमाला पाऊण तासाने वर आली. ती हिंगोलीकडची, वय पस्तीसच्या आसपास. केंद्रात सगळे तिला मावशी म्हणतात, तिच्या आईच्या वयाची माणसंसुद्धा. ओढणी सुटलेली पाहून ती दारातच थांबली. नंदकिशोरने आवाज चढवला नाही. त्याने तिला फक्त तक्ता दाखवला. आजी डायपर ओढून काढतात म्हणून हात बांधावा लागतो, असं तिने सांगितलं. तक्ता तिने पुन्हा पायथ्याशी अडकवला. मग म्हणाली, "दादा, मजल्यावर सोळा जण हायत आन् मी एकली. आठ ते आठ. सोळा जण दर दोन तासाला फिरवायचे म्हणल्यावर तुमीच हिशेब लावा." ते बोलता बोलताच तिने चादर बदलायला घेतली. चादर बदलताना तिचा हात हलका होता, हेही त्याच्या लक्षात आलं.

केंद्राच्या व्यवस्थापक मंजुषा मॅडम सोमवारी सकाळी भेटल्या. त्यांनी चहा मागवला, फोटो नीट पाहिले आणि जखमेबद्दल दिलगिरी व्यक्त केली. डॉक्टर त्याच दिवशी ड्रेसिंग करतील, गादी हवेची देऊ, असंही सांगितलं. हात बांधण्याबद्दल मात्र त्यांनी फाइल उघडली. प्रवेशाच्या दिवशीचा अर्ज, पान नऊ: रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटेल तेव्हा हातपाय बांधून ठेवण्यास संमती. खाली नंदकिशोरची सही. त्या दिवशी त्याने सतरा ठिकाणी सह्या केल्या होत्या. जिथे पेन्सिलीची फुली असेल तिथे करा, असं सांगितलं होतं, तशा केल्या.

तक्त्याबद्दल मंजुषा मॅडमचं म्हणणं असं की मावशींची ओळ चुकली असेल.

"एक ओळ चुकते, मॅडम," नंदकिशोर म्हणाला. "दोन-दोन ओळी सहीनिशी चुकत नाहीत."

"सर, तुम्ही कंपनीत आहात. माणसं सांभाळणं वेगळं असतं."

निघताना तो पुन्हा वर गेला. शेजारच्या पलंगावर प्रभावती टीचर असतात. निगडीच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं, मुलगा कॅनडात असतो, गुडघ्यांमुळे चालता येत नाही. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"येळवंडे, तुम्ही तपासणीच्या खात्यात आहात ना?"

तो हो म्हणाला.

"मग सात महिने इथं येऊन काय तपासलंत? आईचा चेहरा की भिंतीवरचं घड्याळ?"

त्यानंतर त्यांनी सांगितलं ते हळू आवाजात. हात दिवाळीपासून बांधला जातो, रोज. रविवारी साडेतीनला सोडतात, पावडर लावतात, केस विंचरतात. शालनबाईंनी पाणी मागितलं तर कमी देतात, कारण मग चादर ओली होते. नंदकिशोरने विचारलं, मी तक्रार केली तर हे अधिकाऱ्यांना सांगाल का. टीचर बराच वेळ वर्तमानपत्राची घडी घालत राहिल्या. मला इथंच राहायचंय, असं म्हणाल्या आणि नाव न घालण्याचं वचन त्याच्याकडून घेतलं.

मंगळवारी त्याने ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. शुक्रवारी, १७ जानेवारीला, सकाळी अकरा वाजता समाजकल्याण खात्याचे एक अधिकारी चौकशीला आले. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, हजेरीपत्रक पाहिलं, जखम पाहिली. फाइल मागवून पान नऊ वाचलं आणि मंजुषा मॅडमना विचारलं, यावर शालनबाईंची सही किंवा अंगठा कुठे आहे. पेशंट सही करण्याच्या स्थितीत नव्हत्या, असं उत्तर आलं. अधिकाऱ्यांनी पलंगाकडे वळून विचारलं, "आजी, जूनमध्ये इथं आलात तेव्हा शुद्धीत होतात का?"

"शुद्धीत न्हवते तर काय? उंबऱ्याला ठेच लागली या पोराला, मीच म्हणलं जपून," शालनबाई म्हणाल्या.

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मग नंदकिशोरला विचारलं की तक्ता आगाऊ भरला जातो असं इतक्या खात्रीने तो कसं म्हणतो. फोटो एकाच दिवसाचा आहे. नंदकिशोरने पॅडवरची मागची पानं उलटून दाखवली आणि सांगितलं की महिन्याभराच्या पानांवर पेनाचा दाब सारखा आहे, अक्षर कुठे घाईचं नाही, एकदाही खाडाखोड नाही. "आमच्या कंपनीतही असंच भरतात," तो म्हणाला.

"कोण भरतं?"

"भरतात लोक."

अधिकाऱ्यांनी पान उलटलं. ते वाक्य त्यांनी लिहिलं नाही.

शेवटी ते शालनबाईंच्या जवळ खुर्ची ओढून बसले. तक्रार मुलाची आहे, ती वाचली. आता तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा, असं म्हणाले. त्या वेळी खोलीत मंजुषा मॅडम उभ्या होत्या, दारात जयमाला होती, पायथ्याशी नंदकिशोर होता. शालनबाईंनी प्रत्येकाकडे एकदा पाहिलं.

"मला काय तरास न्हाई," त्या म्हणाल्या. "सगळी मायेनं करत्यात."

अधिकाऱ्यांनी पेन बंद केलं. जिन्यात त्यांनी नंदकिशोरला सांगितलं की जखमेचा अहवाल आणि फोटो यांवर केंद्राला नोटीस जाईल, पण हात रोज बांधतात की एकदाच, पाणी देतात की नाही, हे ज्याच्यावर गुदरलं त्यानेच सांगितलं पाहिजे. जबाब इतक्या माणसांसमोर घ्यायला नको होता, ही चूक आपलीच, हेही त्यांनी कबूल केलं. पुढच्या वेळी खोलीत कुणी राहणार नाही. तारीख मिळाली ३० जानेवारी.

त्यानंतरच्या रविवारी, १९ जानेवारीला, नंदकिशोर चार वाजता गेला. हात मोकळा होता, हवेची गादी आली होती, मनगटावरचा वळ पिवळा पडत चालला होता. असं का बोललीस, असं त्याने आईला विचारलं. त्याला वाटत होतं की ती घाबरली असेल. शालनबाई रागावलेल्या होत्या.

"तू जाशील पाचला निघून. संध्याकाळी मला भरवणार कोण? ती जयमालाच ना? का तुझा तो साहेब येणार हाय चमचा घेऊन?"

बाहेर द्रुतगती मार्गाच्या बाजूने गाड्यांचा आवाज येत होता. शालनबाईंनी डाव्या हाताने पांघरूण नीट केलं, त्याला बराच वेळ लागला, आणि तो मदतीला पुढे झाला तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"माझं इथं कोण ऐकतंय ते जाऊ दे. तू ऐकलंस का? हितं आणताना मला इचारलंस?"

जिने चढता येणार नाहीत म्हणून आणलं, हे त्याने पुन्हा सांगितलं. कुरुळीतलं घर तीन मजली आहे. जमीन कंपनीसाठी गेली तेव्हा बांधलेलं, शालनबाईंच्या नावावर. येळवंडे कुटुंब दुसऱ्या मजल्यावर राहतं. खालच्या आणि पहिल्या मजल्यावर आठ खोल्या आहेत, त्यांत कंपन्यांतले कामगार राहतात. गावातल्या बहुतेक घरांची आता हीच रीत आहे: मालक वर, भाडेकरू खाली.

"खाली चार खोल्या हायत," शालनबाई म्हणाल्या. "रस्त्याकडची एक मला दे. माझ्या घरात मला एक खोली मिळंना, आन् ह्या लोकांनी मला नीट ठिवावं म्हणून तू कागद करत फिरतोस."

रस्त्याकडच्या खोलीत समाधान राहतो, जालन्याकडचा. दुसऱ्या पाळीला पॅकिंगमध्ये असतो. त्याच्या बायकोला सातवा महिना आहे. मृदुलाचं म्हणणं असं की त्यांना आत्ता उठवता येणार नाही, आणि खोली मिळाली तरी दिवसा आईंजवळ बसणार कोण. ती स्वतः शाळेतल्या नोकरीवरून तीनला येते. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दिवसभरासाठी मावशी ठेवायची तर त्या मावशीवर लक्ष कोण ठेवणार, हाही प्रश्न तिने विचारला. दोघं जेवणाच्या टेबलावर बसून यावर तीनदा बोलले आणि तिन्ही वेळा बोलणं मधेच थांबलं.

गुरुवारी, ३० जानेवारीला, साडेअकरा वाजता अधिकारी पुन्हा आले. त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं, प्रभावती टीचरना चाकांच्या खुर्चीतून बाहेर नेलं आणि दार लावून घेतलं. पॅसेजमध्ये मंजुषा मॅडम फोनवर बोलत राहिल्या. जयमाला भिंतीला टेकून उभी होती. तिची त्या दिवशी सुट्टी होती, तरी तिला बोलावून घेतलं होतं. तिने नंदकिशोरला एकच विचारलं, "माझं नाव घातलं का हो दादा?" सही तिची आहे, एवढंच तो म्हणाला. कागद कुणाच्या सांगण्यावरून भरून ठेवायची, हे त्याने तिला विचारलं. ती मंजुषा मॅडमच्या पाठीकडे पाहत राहिली.

दार बावीस मिनिटांनी उघडलं. जबाब दीड पानांचा होता. खाली शालनबाईंच्या डाव्या अंगठ्याचा ठसा, शाई अजून ओली. नंदकिशोरने वाचायला मागितला. अधिकाऱ्यांनी तो पाकिटात घातला आणि म्हणाले की आजींनी नको सांगितलंय. त्यांच्या मर्जीशिवाय मुलालाही दाखवता येत नाही.

आत शालनबाई कापसाने अंगठा पुसत होत्या. त्याने विचारलं, काय सांगितलंस.

"खोली रिकामी झाली का?"

"अजून नाही, आई."

"मग झाली की सांगते."

त्यानंतर दहा दिवस गेले. केंद्राला नोटीस मिळाली आहे. उत्तराची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. प्रभावती टीचरना चार फेब्रुवारीला दुसऱ्या मजल्यावर हलवण्यात आलं. कारण विचारलं तर वर ऊन चांगलं येतं, असं सांगण्यात आलं. समाधानशी नंदकिशोरचं एकदा बोलणं झालं, पण ते मीटरच्या बिघाडाबद्दल. कंपनीत बुधवारपासून तो दर दोन तासांनी पाच नग खरोखर मोजतो. त्यामुळे त्याचं जेवण चुकतं, आणि शुक्रवारी त्याच्या शीटवर दोन रकाने कोरे राहिले म्हणून सुपरवायझरने त्याला विचारलं, राव, तब्येत बरी आहे ना.

रविवार, ९ फेब्रुवारी. तो पावणेचारला पोहोचला. वॉचमनने त्याला चार वाजेपर्यंत फाटकावर थांबवलं. शालनबाई डाव्या कुशीवर झोपलेल्या होत्या, हात मोकळा होता. तक्त्यावर आठ, दहा, बारा आणि दोनच्या नोंदी होत्या. दहाची वेळ खोडून दहा चाळीस केलेली होती. अक्षर घाईचं होतं.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी चारचा रकाना कोरा होता. जिन्यावर कुणाचीही पावलं वाजत नव्हती.