सिस्टरच्या बाहीवरचा डाग

मित्रांनो, जुनी इस्त्री बोलायला लागली की तिचे ऐकायला थोडा धीर लागतो. मी लवकर तापत नाही आणि एकदा तापले की लवकर निवत नाही.

माझे वजन सात किलो. तळ लोखंडी, मूठ लाकडी. वायर तीनदा बदलली, मूठ एकदा. कारखान्यातून निघाले तेव्हा एका खोक्यात आम्ही सहा जणी होतो. बाकीच्यांचे काय झाले, ठाऊक नाही. मला एका तरुण लाँड्रीवाल्याने विकत घेतले. घराच्या बाहेरच्या खोलीत त्याने नुकतेच दुकान थाटले होते. एक टेबल, त्यावर चौपदरी घोंगडी, पाण्याचे भांडे आणि मी. एवढाच त्याचा पसारा.

दुसऱ्याच वर्षी माझे उष्णता कमीजास्त करायचे बटण मोडले. त्याने ते दुरुस्त केले नाही. ओल्या फडक्यावर मला टेकवायचा आणि कान द्यायचा. चर्र आवाज आला की सुती कपडे. नुसता सुस्कारा निघाला की लोकर. त्याचा अंदाज कधी चुकला नाही. हाताखालच्या माणसांना तो एकच धडा द्यायचा, "दुकानाला आग लागली तरी आधी इस्त्री उभी करायची, मग बोंब मारायची." मला कपड्यावर ठेवून तो कुणाशी अवाक्षर बोलत नसे. गिऱ्हाईक रागावून निघून गेले तरी चालेल.

त्याची बायको युद्धात परिचारिका होती. सारे गाव तिला सिस्टर म्हणायचे. सैन्य मागे हटले तेव्हा हलवता न येणारे एकोणीस जखमी एका शाळेत राहिले होते. त्यांच्याबरोबर ती तीन दिवस एकटी थांबली. त्यातले चौदा घरी परतले. हे मी तिच्या तोंडून ऐकले नाही, तिला भेटायला येणाऱ्यांकडून ऐकले. ती स्वतः फक्त न परतलेल्या पाच जणांबद्दल बोलायची, तेही क्वचित.

ती साऱ्या पलटणीची सिस्टर, म्हणून लाँड्रीवाला साऱ्या पलटणीचा दाजी झाला. मिशा पिकलेले सैनिक दारातून हाक मारायचे, "काय दाजी, आमच्या बहिणीला छळत तर नाही ना?" तो म्हणायचा, "छळतो कसला! इथे हुकूम कुणाचा चालतो ते बघा."

दरवर्षी युद्धातल्या शहिदांच्या मानवंदनेच्या आदल्या दिवशी तो तिचा राखाडी लोकरी गणवेश काढायचा. त्या दिवशी दुसरे काम घेत नसे. बाहीची घडी अशी बसवायचा की कागद कापावा. सकाळी ती गणवेश घालून उभी राहिली की तो म्हणायचा, "अगं, आता बसू नकोस हं."

"अहो, तोफांना घाबरले नाही एवढी तुमच्या घडीला घाबरते," ती म्हणायची. आणि खरेच, समारंभाला न्यायला गाडी येईपर्यंत उभी राहायची.

मग ती गेली. पंधरा दिवसांच्या तापाने. अकरा वाजता मानवंदना देणारी तुकडी येणार होती. लाँड्रीवाल्याने आठ वाजता गणवेश टेबलावर पसरला. मुलगी म्हणाली, "बाबा, राहू द्या. मी दुसरीकडून करून आणते."

"दुसऱ्याने हात लावायचा नाही," तो म्हणाला. पंधरा दिवस तो झोपलाच नव्हता. तरी फडक्यावर टेकवून त्याने माझा आवाज ऐकला. कॉलर झाली, पाठ झाली, उजवी बाही झाली. डावीवर ओले फडके घालून त्याने मला ठेवले आणि दारात सैनिक संघटनेचा कारकून आला.

"माफ करा, पत्रकावर छापायचंय. बाईंचं जन्मसाल कोणतं?"

लाँड्रीवाला आठवू लागला. लग्नाचे साल त्याला आठवले, युद्धाचे आठवले, मुलीचे आठवले. तिचे आठवेना. तो तसाच उभा राहिला. फडके वाळले. मी तापतच होते, मित्रांनो. थांबणे माझ्या हातात नाही.

"बाबा! जळतंय!" मुलगी आतून धावत आली.

त्याने मला उचलले. डाव्या बाहीवर माझ्या टोकाचा तपकिरी डाग उमटला होता. त्याने साबण लावला, व्हिनेगर लावले, घासले. डाग हलला नाही. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून एक रुमाल जळला नव्हता. तो स्टुलावर बसला. "तिचा शेवटचा कपडा," तो म्हणाला, "आणि मीच..."

तेवढ्यात पलटणीचा म्हातारा ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर आला. त्या चौदांतला तो एक. त्याने बाही पाहिली, लाँड्रीवाल्याकडे पाहिले. आता हा काहीतरी समजावणीचे बोलणार, असे मला वाटले. त्याने कोट काढून खुंटीला लावला.

"दाजी, पुढची बाजू राहिलीय की. उठा. मी ताणून धरतो."

"तुला जमायचं नाही."

"नाही जमलं तर शिव्या द्या. उठा आधी."

लाँड्रीवाला उठला. ड्रायव्हरने दोन्ही हातांनी कापड ताणून धरले. "सैल सोडू नको, गाढवा," लाँड्रीवाला म्हणाला. ड्रायव्हर म्हणाला, "बरं." असे करत करत काम संपले.

मुलीने आईला गणवेश घातला आणि डावा हात हलकेच चादरीखाली सरकवला. लाँड्रीवाल्याने तो पुन्हा बाहेर काढून वर ठेवला. "लपवू नकोस. तिने कधी काही लपवलं नाही."

अकरा वाजता पांढरे हातमोजे घातलेला तरुण अधिकारी आत आला. बाहीकडे बघून त्याने आदराने आवाज खाली आणला. "हा डाग युद्धातला का?"

मुलीने बापाकडे पाहिले. कारकूनही पत्रकांचा गठ्ठा धरून ऐकत होता. हो म्हटले असते तर कुणाला कळले नसते.

"नाही," लाँड्रीवाला म्हणाला. "घरातला आहे. माझ्या हातचा."

अधिकाऱ्याने आधी सिस्टरला सलाम केला आणि नंतर लाँड्रीवाल्याला. लाँड्रीवाल्याला सलाम घ्यायची सवय नव्हती. त्याने फक्त मान हलवली.

त्यानंतर दुकान उघडले नाही. मी फळीवर आहे. मुलीने हलकी, नवी इस्त्री आणली आहे. ती आपोआप बंद होते. चांगली आहे, मी तिला नावे ठेवत नाही. मलाही आता तापायचा कंटाळा आला आहे.

मित्रांनो, एवढेच सांगायचे होते. ज्याच्या घरातले माणूस गेले आहे असा कुणी काम करतो म्हणाला तर त्याचे काम काढून घेऊ नका. त्याला एकटे सोडून त्याच्याकडे साल-तारखाही मागू नका. कोट खुंटीला लावा आणि कापडाचे दुसरे टोक धरा. तो शिव्या देईल. देऊ द्या.