विटेचे निर्व्याज सौंदर्य

चर्चचे धर्मगुरू पादी अनासेतो यांनी बाग्नेतच्या ताटलीतला सर्वांत मोठा तुकडा उचलला, दोनदा तळून फुगलेली डुकराची कातडी त्याच्यावरून दातांनी सोलली आणि ती चावता चावताच जाहीर केले की, चर्चच्या दक्षिण भिंतीचा गिलावा सोमवारपासून काढायला घ्यायचा. समितीतल्या अकरा जणांनी माना डोलावल्या. बाराव्या होत्या उर्बाना मादाम्बा. त्यांनी ताटलीला हातही लावला नव्हता.

"आपो पादी," त्या म्हणाल्या, "डुकराची कातडी तेवढी आवडीनं खायची आणि चर्चची मात्र सोलून गटारात टाकायची?"

टेबलाभोवती हशा पिकला. पादी सर्वांत मोठ्याने हसले. विनोद स्वतःवर असला तरी पचवण्याची त्यांची ताकद दांडगी होती. तर्क मात्र त्यांना बाधत असे.

"मनांग उर्बाना, तुमच्यासारखी थोरली बहीण समितीत आहे म्हणून तर मजा येते. पण आता मला सांगा, दाराशी संगमरवरावर काय कोरलंय? कुणाचं वाक्य आहे ते?"

वाक्य उर्बाना यांचेच होते. तीस वर्षांपूर्वी मनिलाहून पदवी घेऊन त्या आपल्या गावी, सान अपोलिनारला, परतल्या तेव्हा तिथल्या पादींनी नुकताच चर्चच्या दर्शनी भागाचा गिलावा खरवडून काढला होता. सणाच्या स्मरणिकेसाठी लेख हवा होता. सव्वीस वर्षांच्या विदुषीने संध्याकाळच्या उन्हात तांबूस झालेल्या उघड्या भिंतीकडे पाहिले आणि लिहिले: 'विटेचे हे निर्व्याज, नग्न सौंदर्य शतकांच्या पडद्याआडून अखेर आपल्याला भेटत आहे.' त्या वेळी त्यांना चुन्याबद्दल काडीचेही ज्ञान नव्हते. विशेषणांबद्दल मात्र पुष्कळ होते. पुढच्या तीस वर्षांत त्यांनी जे खरे लिहिले ते चार ग्रंथालयांच्या कपाटांत गेले. खोटे तेवढे संगमरवरावर चढले.

खरे असे होते की ही वीट दाखवायची नव्हतीच. भाताच्या तुसावर कमी आचेत भाजलेली, मऊ, पाणी पिणारी वीट ती. भूकंपाला उत्तर म्हणून बांधणाऱ्यांनी भिंत सहा हात जाड केली, बाहेरून पायऱ्या-पायऱ्यांचे धिरे टेकवले, आणि मग तो सगळा डोलारा चुना, वाळू, काकवी आणि साब्लोतच्या पानांचा चिकट रस यांच्या गिलाव्यात गुंडाळला. इथले लोक त्याला पालितादा म्हणतात. ही विटेची कातडी. ती आता फक्त दक्षिण भिंतीच्या पाच धिऱ्यांवर उरली होती, कारण तिकडे डुकरांचा गोठा होता आणि कुणी फोटो काढत नसे.

आणि त्या पाच धिऱ्यांवर माणसे होती. ज्या स्पॅनिश मिशनरी फ्रायरने चर्च बांधवले त्याची वही शाबूत आहे. तीत चुन्याच्या गोण्या आहेत, काकवीचे बुधले आहेत, बैल तर नावानिशी आहेत. वेठीला धरलेल्या माणसांपैकी एकही नाही. पण एकेका वाडीची पाळी संपली की त्या वाडीचा कुणीतरी ओल्या गिलाव्यात बोटाने आपली खूण ओढून जाई: मासा, कंगवा, मुसळ. आपण आलो होतो आणि चाळीस दिवस राबलो होतो, एवढाच तिचा अर्थ. पांढऱ्या रंगाच्या नऊ-दहा थरांखालून उर्बाना यांनी पहिल्या दोन धिऱ्यांवरच्या खुणा उतरवून घेतल्या होत्या. तीन धिरे बाकी होते. एकेकाला वर्ष लागले असते.

"आपो पादी, त्या भिंतीवर लिहिलेलं आहे," त्या म्हणाल्या. "ते वाचून होईस्तोवर तरी थांबा."

"अहो, मलाही दिसतं काय लिहिलंय ते. 'जुनियर लव्हज मरिबेल.'" पुन्हा हशा. "लग्न शनिवारी आहे, मनांग. लेओनिसाबाई होनोलुलूहून खास आल्यात. त्यांच्या मुलीला अँटिक लूक हवाय."

लेओनिसा ताबिओस शेजारीच बसल्या होत्या. गोठा हलवून तिथे बाग फुलवण्याचा खर्च त्यांनी उचलला होता, तेव्हा भिंतीबद्दलचे त्यांचे मत समितीला आपोआप पटले होते. त्या वाकून गोडव्याने म्हणाल्या, "उर्बाना, आपण एका वर्गात होतो ना गं. तू तेव्हापासून अशीच. सगळं जुनं ते तुला हवं, आणि आम्ही जुनं दाखवायला निघालो की तूच आडवी."

जुने दिसावे म्हणून जुने खरवडायचे. या वाक्यात कुठे तरी चूक आहे, हे त्या खोलीत एकट्या उर्बाना यांना जाणवत होते; आणि जो विचार आपल्या एकट्यालाच घृणास्पद वाटतो तो इतरांना शुद्ध विक्षिप्तपणा वाटतो, हे त्यांना वयाने शिकवले होते. त्या घरी गेल्या. मनिलातल्या जुन्या वास्तू जपणाऱ्या कार्यालयाला त्यांनी पाठवलेल्या पत्राचे उत्तर आलेले होते: आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.

सोमवारी सकाळी हातोडे वाजू लागले.

गवंडी क्रिस्पुलो साठीचा होता, एका डोळ्याने अधू, आणि उर्बाना यांना लहानपणापासून ओळखत होता; त्या त्याला मनोंग, म्हणजे दादा, म्हणत. गावात त्याच्या सगळ्या घराण्याला 'आग्दान' म्हणत, म्हणजे शिडी. का, ते कुणालाच ठाऊक नव्हते. आजोबा शिडीवरून पडले असतील, असे तो स्वतःच सांगे.

"मनोंग क्रिस्पुलो, निदान पश्चिमेकडून सुरू कर," उर्बाना म्हणाल्या. "ते पहिले दोन माझे उतरवून झालेत."

"तुम्ही म्हणाल तसं, मनांग. मला काय, जिकडून सांगाल तिकडून मारतो." त्याने हातोडा तोलला. "पण पादींना कळू देऊ नका हं. ते म्हणाले, दरवाजाजवळून सुरू कर, लवकर दिसायला लागतं."

अशा रीतीने विद्वत्तेला जे मिळायचे ते मिळाले: चार दिवसांची सवलत, तीही चोरून. मासे पडले, कंगवे पडले. गिलावा सहज निघत नव्हता. पावणेदोनशे वर्षांनंतरही तो विटेला इतका धरून होता की निघताना तिचा पापुद्रा बरोबर घेऊन येई. खाली पडलेल्या खपल्यांच्या एका बाजूला पांढरा चुना असे आणि दुसऱ्या बाजूला तांबडे मांस. उर्बाना खुर्ची टाकून बसल्या होत्या. उठून जाणे म्हणजे त्या दृश्यावर रुसणे झाले असते, आणि रुसण्याइतके त्याला किंमत देण्याची त्यांची तयारी नव्हती.

शुक्रवारी दुपारी तिसऱ्या धिऱ्यावर क्रिस्पुलो थांबला.

"मनांग, इकडे या जरा."

पांढऱ्या रंगाचा पोपडा उडून गेला होता. खाली, कुणाच्या तरी जाड बोटाने ओढलेल्या दोन उभ्या रेघा आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या. खालच्या तीन पायऱ्या शाबूत होत्या. वरच्या त्याच्या शेवटच्या घावाने जमिनीवर आल्या होत्या.

"शिडी आहे ही," तो म्हणाला.

"हो."

"आग्दान."

"हो, मनोंग."

क्रिस्पुलोने आपले बोट त्या उभ्या रेघेत ठेवून पाहिले. बसले. "म्हणजे म्हातारा पडला-बिडला नव्हता," तो म्हणाला. "इतकी वर्षं उगीच हसलो त्याला." त्याने हातोडा खाली ठेवला. "आता काय करू? उद्या लग्न. सोमवारी उरलेलं नाही पाडलं तर दुसऱ्याला बोलावतील. तो पूर्वेकडून सुरू करेल नि तुमची वाटही बघणार नाही."

उर्बाना यांनी पहिल्या धिऱ्याच्या उघड्या विटेवरून तळहात फिरवला आणि पाहिला. उन्हाळ्यात वाळलेली, चार दिवसांपूर्वी सोललेली मऊ वीट. तळहात मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत लाल झाला होता, आणि तो लाल रंग रुमालाने पुसला तरी जाईना.

त्या हाताकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काही करू नकोस. वरचे तुकडे गोणीत भरून ठेव."

शनिवारी दहाला लग्न लागले. वधू जेस्लिन होनोलुलूत वाढलेली, सालस मुलगी होती, तिने आशीर्वादासाठी उर्बाना यांचा हात कपाळाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "आंटी, मी तुमचं ते वाक्य आमच्या पत्रिकेत छापलंय." तिच्या झग्याचा पांढराशुभ्र घोळ दोन पुरुष लांब होता. तो शिवून घ्यायला लेओनिसांना वर्ष लागले होते, हे लेओनिसांनी आठवडाभरात सर्वांना सांगून झाले होते.

फोटोवाला भिंतीपासून हातभर दूर उभे राहा म्हणत होता. त्याला अनुभव असावा.

"इतक्या लांब कशाला?" उर्बाना म्हणाल्या. सगळे त्यांच्याकडे वळले. चार दिवस खुर्चीवर मुकाट बसलेली बाई आज प्रसन्न हसत होती. "टेक ना, बाळा. नीट पाठ टेकून उभी राहा. हात पसर दोन्ही. विटेचं निर्व्याज, नग्न सौंदर्य असं लांबून थोडंच कळतं?"

"बघा!" पादी अनासेतो हर्षभरित होऊन म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? मनांगचा राग म्हणजे भाजलेल्या शेंगेचं टरफल. आतून गोड!"

जेस्लिन टेकली. नवरा टेकला. दोन्ही बाजूंच्या आया, करवल्या, लेसचे ब्लाउज घातलेल्या सहा आत्या भिंतीला ओळीने टेकल्या. फोटोवाल्याने डावीकडे सरका, उजवीकडे सरका केले, आणि ते सगळे वीट घासत इकडून तिकडे सरकले. घोळ भिंतीवर पसरून दाखवला गेला. पाव तास हे चालले होते. मग जेस्लिन वळली.

प्रथम तिच्या एका आत्याने किंकाळी फोडली. तिला वाटले, पोरीला जखम झाली. खांद्यांपासून टाचांपर्यंत झगा लाल झाला होता, आणि घामाने जिथे भिजला होता तिथे त्याचा लगदा. लेओनिसा तो लाल रंग झटकू लागल्या तसा तो कापडात आणखी खोल गेला. मग त्यांना स्वतःची पाठ दिसली.

"आपो पादी! ही कसली भिंत? ही भिंत आहे की माती?"

"माती नाही हो, लेओनिसाबाई, वीट..."

"मग वीट अंगाला लागते का? होनोलुलूत आमच्या बँकेला वीट आहे, ती नाही लागत! झाका ती. आत्ताच्या आत्ता झाका! नि पुढची एक इंचही सोलाल तर मी बिशपांना सांगेन."

"झाकतो, झाकतो. सिमेंट लावून घेतो सोमवारी."

"सिमेंट नाही," क्रिस्पुलो गर्दीच्या मागून म्हणाला. तिथे त्याला बोलायचा हक्क आहे असे कुणालाच वाटत नव्हते, त्यालाही नाही. "सिमेंटनं आतलं पाणी आतच राहतं, वीट कुजते. मनांग सांगतात तसं. चुना लागेल, साब्लोत लागेल. मला आजवर पाडायलाच सांगितलं सगळ्यांनी. लावायला कुणी सांगितलंच नाही."

"लाव रे बाबा, काय ते लाव," पादी हताश होऊन म्हणाले. त्यांच्या पांढऱ्या झग्याची कोपरेही लाल झाली होती.

दोन धिरे अखंड आणि एक अर्धा, असे वाचले. तीस वर्षांचे संशोधन जे करू शकले नव्हते ते एका पांढऱ्या कापडाने पाव तासात केले होते. जेस्लिन चर्चच्या पायरीवर बसून रडत होती. तिचे काहीही चुकले नव्हते. तिने एका छापील वाक्यावर विश्वास ठेवला होता, एवढेच. उर्बाना तिच्याजवळ गेल्या, पण तशाच परतल्या, कारण खरे सांगणे भाग होते आणि ते सांगायची त्यांची हिंमत नव्हती. ज्या खोटेपणाची त्यांना इतकी किळस होती, तोच आज त्यांनी समजून-उमजून दुसऱ्यांदा वापरला होता. पहिल्या खेपेला निदान अज्ञान तरी होते.

गर्दी पांगल्यावर पादींनी त्यांना दाराशी गाठले.

"मनांग, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

पहिल्यांदाच पादींना हसू सुचत नव्हते.

"हा संगमरवर काढून टाका, आपो पादी," उर्बाना म्हणाल्या. "तेवढं एक करा माझ्यासाठी."

क्रिस्पुलो गोणी खांद्यावर घेऊन तिथूनच चालला होता. त्याने ती खाली ठेवली आणि नखाने दगडाची कड तपासली. वाजवून पाहिले.

"सिमेंटात बसवलाय," तो म्हणाला. "काढतो म्हणाल तर काढतो, मनांग. पण मागची वीट याच्याबरोबर येईल. चांगली हातभर."

उर्बाना यांनी ते वाक्य पुन्हा एकदा, आपल्या नावापर्यंत, वाचले.

"राहू दे मग," त्या म्हणाल्या.