बघण्याचा रकाना

"तारी, तुम्ही किल्ली का फिरवली नाहीत?" साहेबांनी चौथ्यांदा विचारलं.

"साहेब, त्या मासेमारीच्या होड्या होत्या."

"यंत्रानं शत्रू ठरवलं होतं."

"यंत्राला नारळ ठाऊक नाही, साहेब."

जामसंड्याच्या पलीकडे टेकाडावर चाचणीची तोफ बसवली होती. रडारवर जे दिसेल ते संगणक ओळखी, तोफेचं तोंड आपणच वळवी. गोळा मात्र गुरुदास तारीनं किल्ली फिरवली तरच सुटे. पंधरा वर्षं जहाजावर रडारपुढे बसलेला हा माणूस बोलण्यात भारी काटकसरी. बायको नर्मदा म्हणे, ह्यांच्या तोंडातून शब्द काढायचा तर अर्ज करावा लागतो.

काल सकाळी सात होड्या ओळीनं आल्या आणि समुद्रातल्या खडकाभोवती फिरू लागल्या. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: हल्ला. घंटा ठणाणू लागली. तोफेत खरा गोळा, दुपारच्या चाचणीत समुद्रातल्या तराफ्यावर मारायचा म्हणून भरलेला. गुरुदासनं दुर्बीण उचलली. नवी होडी पाण्यात उतरली की बाकीच्या तिला संगत देत खडकावरच्या देवाला तीन फेरे घालतात. त्यानं फेरे मोजले. तिसऱ्याला नारळ फुटला, होड्या माघारी वळल्या.

साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'मानवी विलंब: चार मिनिटे.' खाली गुरुदासची सही हवी होती, आणि तिच्यावर पुढचं ठरणार होतं: माणसाची किल्ली रद्द, वीस सेकंदांत यंत्रच गोळा सोडणार.

"विलंब नाही, साहेब. मी बघत होतो."

"अहवालात बघण्याचा रकाना नाही. सही करा, नाहीतर उद्यापासून कसालच्या गोदामात पत्रे मोजा."

साहेब फोन घ्यायला आत गेले. दारावरचा पहारेकरी बाबली कुजबुजला, "गुरुदासा, सही कर आणि मोकळो हो मरे! सायबाचा मशीन तुझ्यासाठी थांबतला काय?"

"बाबली, त्या नव्या होडयेत तुझो जावय होतो मां?"

"होतो."

"मगे ये, तूच कर सही."

बाबलीनं बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि उगाच समुद्राकडे पाहिलं.

गुरुदासनं पट्टी मागून घेतली. 'मानवी विलंब' खोडलं, शेजारी सरळ रकाना आखला, 'बघणे: चार मिनिटे' लिहिलं आणि त्याखाली ठसठशीत सही केली.

साहेबांनी परत येऊन कागद वाचला, फाडला आणि टंकलेखकाला हाक मारली. "नवा टाइप करा. सही मी करतो."

गुरुदासनं गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. पंख्याच्या वाऱ्यानं कोरे कागद फडफडत होते. साहेबांनी किल्ली उचलली आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवली.