तळमजला

मनमोहन विजयकरांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ते गिरगावात तिसऱ्या मजल्यावर राहत होते. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि बसवायला जागाही नव्हती. हॉस्पिटलमधून आणल्यावर त्यांना चादरीच्या झोळीत घालून वर न्यावं लागलं. डावा हात आणि डावा पाय गेला होता, वाचा मात्र शाबूत होती. गोदीतल्या ऑफिसातून रोज संध्याकाळी चालत घरी येणारा हा माणूस. पहिले काही महिने तो मुलाला एकच गोष्ट सांगत राहिला, "यतीन, मला जमिनीवर ने रे. दारात खुर्ची टाकून बसेन. आणखी काही नको."

यतीन आणि त्याची बायको वैदेही यांनी गिरगावची जागा विकायचं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते घर विकत घेणार होते. तळमजल्याचे फ्लॅट त्यांनी बरेच बघितले. काही परवडत नव्हते, काही गटाराला लागून होते. मग एकाने शीव कोळीवाड्यातलं घर दाखवलं. गल्लीतच, पण स्वतंत्र, दोन मजली घर. खाली दोन खोल्या आणि ओटा, वर दोन खोल्या आणि एक लहानशी गॅलरी. मालक हितेंद्र पनवेलला राहायला गेला होता. वरचा मजला रिकामा होता. खाली जुने भाडेकरू होते, सखुबाई आणि तिचा नवरा रघू. सखुबाई मासळी विकायची. मुलगा प्रितेश कुरियरच्या कंपनीत होता.

"त्यांची काळाचौकीला खोली तयार होतेय," हितेंद्र म्हणाला. "दिवाळीत जातील. तोवर तुम्ही वर राहा."

वैदेहीने खालच्या दारात उभं राहून सखुबाईला विचारलंही होतं. आत अंधार होता. रघू कॉटवर कमरेपर्यंत पांघरूण घेऊन पडला होता.

"दिवाळीत जाणार ना तुम्ही?"

सखुबाईने हितेंद्रकडे बघितलं. मग म्हणाली, "बगू."

वैदेहीला ते होकारासारखं वाटलं. यतीनला तर तसंच वाटून घ्यायचं होतं. वकिलाने रिकामं घर घ्या म्हणून बजावलं होतं, पण रिकामी घरं त्यांच्या आवाक्याबाहेर होती. घर मनमोहनरावांच्या नावावर झालं.

राहायला आले त्या दिवशी म्हाताऱ्याला खुर्चीत बांधून अरुंद जिन्याने वर चढवावं लागलं. गल्लीतली पोरं मदतीला आली. सगळ्यात पुढे प्रितेशच होता. घाम पुसत तो म्हणाला, "काका, टेन्शन नाय. लागलं तर हाक मारा, आपण हाय."

रघूला एक पाय नाही, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं. साखरेने गुडघ्याच्या वरून कापावा लागला होता. दुसऱ्या पायाची जखम भरत नव्हती. सकाळी प्रितेश त्याला उचलून ओट्यावर आणून बसवायचा आणि दुपारी ऊन आलं की सखुबाई आणि शेजारीण मिळून आत न्यायच्या.

दिवाळी आली. कंदील लागले, उतरले. यतीन खाली गेला.

"काळाचौकीची खोली झाली का हो?"

"ती माजे भावाची खोली," सखुबाई म्हणाली. "त्याचीच पोरं त्यात मावत नायत. आमी कंदी जानार बोललो?"

"हितेंद्र म्हणाला होता."

"मग हितेंद्रला विचारा."

हितेंद्रने फोन उचलला नाही. नंतर उचलला तेव्हा म्हणाला की मला तसं वाटलं होतं.

खालच्यांनी वर जावं आणि वरच्यांनी खाली यावं, हा साधा मार्ग वैदेहीने त्याच आठवड्यात मनातल्या मनात करून बघितला होता. पण रघूला जिना चढवायचा कसा? एकाच जिन्याच्या दोन टोकांना दोन माणसं होती आणि दोघांनाही तो चढता-उतरता येत नव्हता.

त्या दोघांची मात्र ओळख झाली. मनमोहनरावांची खुर्ची गॅलरीत असायची आणि रघू बरोबर खाली ओट्यावर. एकमेकांचं तोंड त्यांना दिसत नव्हतं. सुरुवात पेपरवरून झाली. मनमोहनरावांना मोठ्याने वाचायची सवय होती. खालून आवाज आला, "साहेब, ते परत वाचा, बोटींचं काय लिवलंय?" त्या दिवसापासून ते रघूसाठीच वाचू लागले. रघू त्यांना खाडीच्या गोष्टी सांगायचा. पूर्वी कुठे जाळं टाकायचे, कुठली मासळी कधी दिसेनाशी झाली, रे रोडला लाकडाच्या वखारीतून वल्ह्यांसाठी लाकूड कसं निवडून आणायचे. मनमोहनराव गोदीच्या गोष्टी सांगायचे. कधी कधी दोघंही नुसते बसून असायचे. मग एक जण विचारायचा, "आहात ना?" दुसरा म्हणायचा, "जातो कुठे?" आणि दोघं हसायचे. सासरे हसताना ऐकून वैदेही स्वयंपाकघरात थांबून राहायची.

पावसाळ्यानंतर मनमोहनरावांच्या पाठीला जखमा होऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, रोज बाहेर हिंडवा, उन्हात न्या, व्यायामाला न्या. जिन्यावरून रोज कोण उतरवणार? वकील म्हणाला, मालकाला स्वतःलाच जागेची गरज आहे असा दावा लावता येईल. वेळ लागेल, पण लावल्याशिवाय काहीच होणार नाही.

यतीन वडिलांजवळ येऊन बसला. दावा त्यांच्याच नावाने लावावा लागणार होता.

"बाबा, नोटीस द्यायची का?"

"दे."

"रघूकाका तुमचे मित्र आहेत."

"म्हणूनच म्हणतो, लगेच दे. आणखी ओळख वाढली तर माझ्याच्याने व्हायचं नाही." थोड्या वेळाने ते म्हणाले, "मला खाली जायचंय, यतीन. तो चांगला माणूस आहे. पण मला खाली जायचंय."

नोटीस गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मनमोहनरावांनी नेहमीप्रमाणे पेपर उघडला आणि पहिली बातमी वाचली. खाली रघू ओट्यावर होता. त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. मनमोहनरावांनी दुसरी बातमी वाचली. मग विचारलं, "आहात ना?"

खालून सखुबाईचा आवाज आला, "प्रितेश, बापासला आत घे."

त्यानंतर रघू ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या आडोशाला बसू लागला.

गल्लीही बदलली. वैदेही यायची तेव्हा बायका बोलता बोलता थांबायच्या. मनमोहनरावांना तपासण्यांसाठी न्यायचं होतं तेव्हा यतीनने प्रितेशला हाक मारली. प्रितेश बाइक पुसत होता.

"आज कामावर हाय," तो म्हणाला, आणि पुसतच राहिला. बाकीची पोरंही कामावर होती. शेवटी ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी त्यांना उतरवलं. गल्लीतून नेताना मनमोहनराव मान वळवून ओट्याकडे बघत होते. रघूने चेहरा भिंतीकडे केला होता.

कोर्टात तारखा पडत राहिल्या. एकदा खालच्यांचा वकील आला नाही, एकदा यांचा. एकदा न्यायाधीशांची बदली झाली.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात रघू गेला. जखमेतलं विष अंगात भिनलं. मनमोहनरावांना कोणी सांगावं लागलं नाही. खालचं रडणं थेट वर येत होतं. त्यांनी यतीनला खाली पाठवलं. यतीन दाराबाहेर उभा राहिला आणि परत आला. आत बोलवायला कोणी आलं नाही.

आता सखुबाईला वर यायला अडचण नव्हती. हे घरात कोणीच मोठ्याने म्हणालं नाही, पण तिघांच्याही मनात तेच होतं, आणि तिघांनाही त्याची लाज वाटत होती. दिवसकार्य उरकल्यावर पुष्कळ दिवस जाऊ देऊन यतीन आणि वैदेही खाली गेले. सखुबाई ओट्यावर कोळंबी सोलत बसली होती.

वैदेही म्हणाली, "सखुबाई, रागावू नका. तुम्ही वर या, आम्ही खाली येतो. खोल्या तेवढ्याच आहेत. भाडं तेच राहील. बाबांना फक्त दारात बसायचंय."

सखुबाई सोलत राहिली. मग म्हणाली, "आमचा वकील बोलला, खोली सोडलीस का गेलीस. येकदा भायेर पाय टाकला का परत घेनार नायत."

"आम्ही तसं करणार नाही."

"हितेंद्रचा बापूस बी तसाच बोलायचा. सखू, तू आमची बहीण. मंग त्याच्या पोरानं भिंतींसकट आमाला तुमाला इकलं." तिने हात धुतले. "माजा मानूस पडला होता तवा तुमी नोटीस दिली. आता मी तुमच्या तोंडाच्या बोलन्यावर वर जाऊ?"

यतीन म्हणाला, "आम्ही दावा मागे घेतो."

"घ्या ना."

घेतला. मनमोहनरावांनीच आग्रह धरला. वकिलाने विरोध केला, पुन्हा लावायचा झाला तर अवघड जाईल म्हणाला. यतीनने ऐकलं नाही. त्या दिवशी तो कोर्टातून थेट सखुबाईकडे गेला. प्रितेशही घरी होता.

"दावा मागे घेतला," यतीन म्हणाला.

"बरं," सखुबाई म्हणाली.

तो थांबला. प्रितेशने आईकडे बघितलं. "आये, वर काय वाईट हाय? हवा तरी येईल."

"तू गप. तुजं लगीन झालं का तू जाशील खय बी. मना हितंच मरू दे. तुजा बापूस हितंच गेला." मग यतीनकडे वळून, आवाज न चढवता ती म्हणाली, "तुमच्या बाबांचं वाईट वाटतं मना. ते पेपर वाचायचे तवा यांना बरं वाटायचं. पन खोली मी देनार नाय. परत विचारू नका."

यतीन वर आला. काय सांगायचं ते त्याने जिन्यात ठरवलं होतं, सांगायची वेळ मात्र आली नाही. वरच्या मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची होती.

"ऐकलं मी," मनमोहनराव म्हणाले. "तिच्या जागी मी असतो तर मीही नसती दिली. वैदेही, पान वाढ."

वैदेहीने आमटी-भात कालवला. आज ते नेहमीपेक्षा जास्त जेवले, आमटी पुन्हा मागून घेतली. मग कुशीवर वळवायला सांगितलं. यतीनने पाठीच्या जखमा पुसल्या, पावडर टाकली, चादर बदलली. नवी जखम झाली होती, ती त्याने वैदेहीला खुणेने दाखवली. वडिलांना काही सांगितलं नाही.